कोलंबीचं साल आणि बाबांचं मनगट

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा आषाढ चालू होता. मासेमारीची बंदी, बोटी वर ओढून झाकून ठेवलेल्या. बाबा घरी होते म्हणूनच वेळेत दवाखान्यात पोचले, असं आई आजही प्रत्येकाला सांगते. हेच ऑगस्टात झालं असतं तर ते वीस वाव पाण्यात असते.

उजव्या मनगटातल्या धमनीतून नळी हृदयापर्यंत नेली, स्टेंट बसवला, नळी काढली. मला आत सोडलं तेव्हा बाबा अर्धवट झोपेत होते. जिथून नळी काढली तिथे मनगटावर एक लहानशी पांढरी चौकोनी पट्टी दाबून बांधलेली होती. मी सिस्टरना विचारलं, ही कसली? त्या म्हणाल्या, "रक्त लवकर थांबायला लावतात. कायटोसानची आहे."

मी तिथेच स्टुलावर बसले. गेली चार वर्षं मी ज्या पदार्थामागे आहे, ज्याच्या नावाने माझ्या वह्या भरल्यात, तो माझ्या बाबांच्या मनगटावर होता. आणि नळी आत असताना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्यांच्या नसेत जे औषध सोडलं होतं ते हेपारिन. तेही माझ्या वह्यांमध्ये पानोपानी आहे. आत हेपारिन रक्ताला गोठू देत नव्हतं आणि बाहेर कायटोसान त्याच रक्ताला वाहू देत नव्हतं. एक डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलेलं, दुसरं कोलंबी-खेकड्याच्या सालापासून केलेलं. दोन्ही मुळात साखरेच्या लांबच लांब साखळ्या. शाळेत ज्याला बहुशर्करा म्हणून दोन ओळींत उरकतात, आणि आम्ही प्रयोगशाळेत पॉलिसॅकराइड म्हणतो, त्याच कुळातल्या.

त्या दिवसापासून हे लिहायचं मनात होतं. आईने परवा फोनवर परत तोच प्रश्न विचारला, "टरफलांचं तू नेमकं करतेस तरी काय गो?", तेव्हा ठरवलं की आता लिहूनच टाकायचं. हे तिच्यासाठी आहे, आणि तिच्याबरोबर शेडमध्ये बसणाऱ्या सगळ्याजणींसाठी.

आई सतरा वर्षं कोलंबी सोलायला जायची. पहाटे चारला माल आला की निरोप यायचा. सिमेंटच्या ओल्या जमिनीवर बसून, बर्फातली कोलंबी एका हाताने उचलायची, डोकं मोडायचं, अंगठ्याने साल उलगडायचं, धागा ओढायचा, की पुढची. पैसे किलोवर. संध्याकाळी तिची बोटं पांढरी फटक पडलेली असायची, आणि कोलंबीच्या डोक्यावरचा करवतीसारखा काटा कुठे ना कुठे घुसलेला असायचाच. मी सुई घेऊन तो काढायची. आईच्या हाताचा वास जायचा नाही. मग ती कोकमाचं आगळ किंवा चिंचेचा कोळ हाताला चोळायची, आणि वास जायचा.

हा कोकमाचा उपाय मी मुद्दाम सांगतेय, कारण माझ्या सगळ्या कामाचं मूळ त्यात आहे. माशाचा वास येतो तो बराचसा ट्रायमिथाइलअमीन नावाच्या पदार्थाचा. त्यात एक नायट्रोजन असतो आणि त्या नायट्रोजनला आम्लाची ओढ. आगळातलं आम्ल भेटलं की तो एक हायड्रोजन आयन उचलून घेतो, त्याच्यावर धन भार येतो, त्याचा क्षार होतो. क्षार हवेत उडत नाही, पाण्यात विरघळतो आणि हात धुतला की निघून जातो. कोलंबीच्या सालापासून केलेल्या कायटोसानमध्येही असेच नायट्रोजन असतात. साखळीच्या बहुतेक प्रत्येक कडीवर एक. साध्या पाण्यात कायटोसान वाळूसारखं तळाशी बसून राहतं. त्यात चमचाभर व्हिनेगर घातलं की हळूहळू फुगतं, चकाकतं आणि मधासारखं दाट होऊन विरघळतं. आईच्या हातावर आणि माझ्या बीकरमध्ये एकच गोष्ट घडते.

आता साल ते कायटोसान हा प्रवास. सोललेल्या कोलंबीचं जवळजवळ निम्मं वजन डोकं आणि साल यांत जातं. आमच्या बंदरावर ते ढिगाने पडलेलं असायचं, कावळे आणि घारी घिरट्या घालायच्या, आणि दुपारच्या उन्हात त्या बाजूने जाववत नसे. सुकवलेल्या सालात ढोबळमानाने तीन गोष्टी असतात: चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मग प्रथिनं, आणि पाव हिश्श्याच्या आसपास कायटिन. चुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने जातो. साल आम्लात टाकलं की भांड्यात इनो टाकल्यासारखा फेस वर येतो, म्हणून भांडं निम्म्याहून रिकामं ठेवावं लागतं. मग सौम्य कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून प्रथिनं काढायची. ज्यांना कोलंबीची ॲलर्जी असते ती मुख्यतः तिच्या प्रथिनांची, त्यामुळे इथे आळस चालत नाही. उरलेला गुलाबी रंग धुऊन काढला की हातात येतं ते पांढरं, हलकं, पापडाच्या चुऱ्यासारखं कायटिन. ते ना पाण्यात विरघळतं ना व्हिनेगरमध्ये, कारण त्याच्या नायट्रोजनवर ॲसिटिल नावाची टोपी घट्ट बसलेली असते. ती काढायला चाळीस-पन्नास टक्के तीव्रतेच्या कॉस्टिकमध्ये तासन्‌तास तापवावं लागतं. टोप्या निघाल्या की कायटोसान.

म्हणजे कायटोसान हेच मुळी रासायनिक बदल केलेलं आहे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण 'नैसर्गिक' हा शब्द लोक ज्या सैलपणे वापरतात त्याने गोंधळ होतो. कायटिन पहिल्यांदा ओळखलं गेलं १८११ मध्ये. हेन्री ब्राकोनो या फ्रेंच माणसाला ते अळिंब्यांमध्ये सापडलं. १८२३ मध्ये ओदिए यांना तेच किड्यांच्या पंखांच्या कवचात मिळालं आणि त्यांनी त्याला ग्रीक भाषेतल्या अंगरख्याच्या शब्दावरून कायटिन हे नाव दिलं. आणि १८५९ मध्ये रूजे यांनी ते तीव्र अल्कलीत उकळलं, तर ते आम्लात विरघळायला लागलं. निसर्गाने जे कडक, अभेद्य कवच म्हणून केलं होतं त्याची एक टोपी काढल्याबरोबर त्याचा स्वभाव पालटला.

बाबांना मी हे गळाच्या दोरीवरून सांगितलं होतं. लांब दोरीला ठरावीक अंतरावर गळ बांधून समुद्रात सोडतात ना, तशी ही साखळी समजा. दोरी तीच. प्रत्येक गळाला काय आमिष लावता त्यावर काय लागणार ते ठरतं. बाबा लगेच म्हणाले, "आणि गळ किती खोल सोडला त्यावर." तेव्हा मी हो म्हणाले, पण ते किती बरोबर बोलले होते हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं. ते पुढे येईल.

कायटोसान रक्त का थांबवतं? लाल रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. कायटोसानच्या नायट्रोजनवर आम्लात धन भार येतो, म्हणून अनेक पट्ट्यांमध्ये ते आम्लाच्या क्षाराच्या रूपात घालतात. पेशी त्याला चिकटतात, ओल्या पिठासारखा गोळा होतो आणि जखमेचं तोंड बुजतं. रक्त गोठण्याची शरीराची जी स्वतःची साखळी प्रक्रिया आहे तिच्यावर हे फारसं अवलंबून नाही. म्हणून हेपारिन दिलेल्या रुग्णातही ते चालतं, आणि म्हणूनच ते बाबांच्या मनगटावर होतं. अमेरिकी सैन्याने इराक आणि अफगाणिस्तानात कायटोसानच्या पट्ट्या वापरल्या. आपल्याकडे अहमदाबादेत सुरू झालेल्या ॲक्सिओ बायोसोल्युशन्सने ॲक्सिओस्टॅट ही पट्टी बनवली. आईला हे सांगितल्यावर ती बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ज्याने रगात काढलं त्यानंच थांबवलं."

कायटोसानची एक मोठी अडचण आहे. रक्ताचा पीएच, म्हणजे सामू, ७.४ च्या जवळपास. कायटोसानच्या नायट्रोजनवरचा धन भार साडेसहाच्या वर उतरायला लागतो. म्हणजे शरीराच्या आत, जिथे आम्ल नाही, तिथे ते पुन्हा न विरघळणारी वाळू होऊन बसतं. जंतू मारायचे असोत, औषध वाहून न्यायचं असो, की आतून काही काम करवून घ्यायचं असो, विरघळल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. म्हणून त्यावर आणखी बदल करतात. नायट्रोजनला कायमचा धन भार बसवता येतो. मग ते कुठल्याही पीएचला विरघळतं आणि जंतूंवर जास्त जोराने चालतं. पण जो धन भार जंतूची भिंत फाडतो तोच आपल्या लाल पेशीही फाडू शकतो. मी एकदा जरा जास्तच भार बसवलेला नमुना रक्तपेशींबरोबर ठेवला होता. पेशी तळाशी बसाव्यात म्हणून नळी यंत्रात गरगर फिरवून काढल्यावर वरचं पाणी, जे स्वच्छ हवं होतं, ते जांभळाच्या सरबतासारखं दिसत होतं. दुसरा मार्ग मोनोक्लोरोॲसेटिक आम्ल वापरून कार्बोक्झिमिथाइल गट जोडायचा. त्याने ते साध्या पाण्यात छान विरघळतं, आणि तसं कायटोसान सौंदर्यप्रसाधनांतही जातं. मला त्या वाटेने जायचं नव्हतं.

मला हेपारिन खुणावत होतं.

१९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन हा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता आणि त्याला सापडला रक्त गोठू न देणारा. पुढे कुत्र्याच्या यकृतातून काढलेल्या अशाच पदार्थाला यकृताच्या ग्रीक नावावरून हेपारिन हे नाव मिळालं. त्या साखळीवर सल्फेटचे, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजनचे, गट खचाखच भरलेले असतात आणि प्रत्येकावर ऋण भार. आपल्या शरीरात तयार होणाऱ्या रेणूंमध्ये इतका दाट ऋण भार क्वचितच सापडतो. आता मजा बघा: कायटोसान आणि हेपारिन दोघांच्याही साखळीत ग्लुकोजअमीन आहे. मग कायटोसानवर सल्फेट बसवले तर? रक्त थांबवणारी साखळी रक्त वाहतं ठेवू लागेल का? हा प्रश्न माझ्या आधी जगभर कितीतरी जणांनी विचारला आहे आणि उत्तर 'हो' असं आलेलं आहे. तरीही स्वतःच्या हातांनी, आपल्या बंदरावरच्या सालापासून ते करून बघायची ओढ वेगळी असते.

सल्फेट बसवण्याचा दिवस मला आदल्या रात्रीपासून झोपू देत नाही. त्यासाठी लागणारं क्लोरोसल्फॉनिक आम्ल फार रागीट. बाटलीचं झाकण उघडलं की हवेतल्या ओलाव्याशी भेटून पांढरा धूर सोडतं, आणि मुंबईत जुलैमध्ये हवेत ओलाव्याशिवाय दुसरं काय असतं. फ्यूम हूडची, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटाची, काच खाली ओढून, बर्फात बसवलेल्या फ्लास्कमध्ये थेंब थेंब सोडायचं. घाई केली तर तापमान उसळी घेतं आणि साखळीचे तुकडे पडतात. तुकडे पडलेले डोळ्यांना दिसत नाहीत. पण नंतर द्रावण पिपेटमधून ओढताना हाताला कळतं: जे मधासारखं यायला हवं ते ताकासारखं सरसर वर येतं. मग समजायचं की सल्फेट बसले असतील, पण दोरीच तुटली. त्याऐवजी वापरता येणारं पिरिडीनबरोबरचं सल्फर ट्रायऑक्साइड जरा सोशीक असतं, पण पिरिडीनला कुजलेल्या मासळीचा वास येतो. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुली नाक दाबून बाहेर पळतात. मी शांतपणे काम करते. मी लहानपणापासून ओळखते तो वास.

नंतर आम्ल मारायचं, अल्कोहोल ओतून पदार्थ खाली बसवायचा आणि डायलिसिसच्या पिशवीत भरून पाण्यात सोडायचा. पातळ, ओल्या आतड्यासारखी ती पिशवी. क्षार आणि बारीक कचरा तिच्या भिंतीतून बाहेर जातो, लांब साखळ्या आत राहतात. तीन दिवस, दिवसातून तीनदा पाणी बदलायचं. रात्री अकराला पाणी बदलायला मी होस्टेलवरून चालत यायची, वॉचमनकाका किल्ली देत. शेवटी गोठवून वाळवलं की फ्लास्कच्या तळाशी म्हातारीच्या कापसासारखा पुंजका उरतो. फुंकर मारली तर उडेल इतका हलका. दोन आठवड्यांचं काम मुठीत मावतं.

सल्फेट बसले की नाही हे अवरक्त वर्णपटात दिसतं. १२५० च्या आसपास एक रुंद दरी उमटते, आधी नसलेली. पण किती बसले आणि कुठे बसले? इथेच सगळं आहे, आणि इथेच बाबांची 'किती खोल' ही गोष्ट येते.

साखळीच्या प्रत्येक कडीवर सल्फेट बसायला तीन जागा: दुसऱ्या कार्बनवरचा नायट्रोजन, तिसऱ्या कार्बनवरचा ऑक्सिजन आणि सहाव्या कार्बनवरचा ऑक्सिजन. सहावा बाहेर लोंबकळतो, त्यामुळे तिथे पोचणं सोपं. मी सुरुवातीला फक्त 'किती' बघत होते. सल्फेट जास्त म्हणजे चांगलं, अशी माझी समजूत. मग १९९८ मधला एक जपानी शोधनिबंध वाचला. त्यांनी कायटिन-कायटोसानच्या जागा एकेक करून झाकल्या आणि सल्फेट हवे तिथेच बसवले. सहाव्या जागी बसवले तर रक्त न गोठू देण्याचा गुण जोरदार आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी बसवले तर तो गुण फारसा आला नाही, पण एचआयव्ही विषाणूला अडवण्याचा गुण कितीतरी जास्त आला. साखळी तीच, गट तोच, फक्त घर बदललं. मी तो निबंध त्या रात्री तीनदा वाचला आणि बाबांना फोन केला. ते बोटीवर होते, लागला नाही.

हेपारिनमध्ये तर हे आणखी नेमकं आहे. रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला हेपारिन पकडतं ते अख्ख्या साखळीने नाही. पाच कड्यांचा एक ठरावीक तुकडा असतो, तोच पकडतो, आणि तो साधारण एक तृतीयांश साखळ्यांमध्येच आढळतो. त्या तुकड्यातल्या मधल्या कडीवर तिसऱ्या जागी एक सल्फेट असतो. तो एकटा काढला तर पकड जवळपास सुटते. हे कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी तो पाच कड्यांचा तुकडाच प्रयोगशाळेत बांधून काढला, पन्नासच्या वर पायऱ्यांनी, आणि फॉन्डापॅरिनक्स नावाचं औषध २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्यात ना डुक्कर, ना आतडं.

'गुण वाढवला' म्हणजे भलं झालं असं समजणाऱ्यांनी २००८ सालचं हेपारिन प्रकरण जरूर माहीत करून घ्यावं. त्या वर्षी अमेरिकेत आणि इतर देशांत हेपारिन दिल्यावर रुग्णांचा रक्तदाब अचानक कोसळू लागला, श्वास अडू लागला. काहींचे जीव गेले. औषधाच्या परीक्षा नीट पार पडत होत्या. रक्त गोठायचं थांबत होतं, कारण भेसळीचा पदार्थही रक्त गोठू देत नव्हता. ती भेसळ होती कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची. प्राण्यांच्या कूर्चेतून स्वस्तात मिळणारी बहुशर्करा, आणि तिच्यावर कोणीतरी रसायनाने सल्फेट ठासून भरलेले, निसर्गात जिथे कधीच नसतात अशाही जागांवर. तो पदार्थ रक्तातली दुसरीच एक यंत्रणा चेतवत होता, आणि त्यातून रक्तवाहिन्या सैल करणारं ब्रॅडिकायनिन सुटून रक्तदाब खाली येत होता. चोर पकडला गेला तो एनएमआरवर, म्हणजे चुंबकाच्या मदतीने रेणूची रचना आलेखात दाखवणाऱ्या यंत्रावर. खऱ्या हेपारिनच्या आलेखात २.०४ ला एक टोक येतं, त्याच्या शेजारी २.१५ ला आणखी एक बारीक टोक उभं होतं. मी माझ्या प्रत्येक नमुन्याच्या आलेखात आजही तो भाग मोठा करून बघते. माझ्या नमुन्यात ते टोक यायचं काही कारण नाही, तरी बघते. कारण माझा पदार्थ रसायनाच्या दृष्टीने त्या भेसळीचा चुलतभाऊ आहे, आणि हे मला विसरायचं नाही. सल्फेट केलेलं कायटोसान हेपारिनच्या जागी कुठल्या रुग्णाला दिलं जात नाही. त्याआधी बरीच उत्तरं हवी आहेत.

माझी स्वतःची ठेचही सांगते. दुसऱ्या वर्षी माझ्या सगळ्या आकड्यांचा ताळमेळ सुटला. तीच कृती, तेच तापमान, तेवढाच वेळ, पण एकदा सल्फेट भरपूर बसायचे, एकदा अर्धेच. चार महिने मी स्वतःला दोष देत होते. रात्री वही उघडून बसायची आणि माझं कुठे चुकलं हे शोधायची. शेवटी मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "सुरुवातीचं कायटोसान तपासलंस का गं?" नव्हतं तपासलं. विकत आणलेल्या बाटलीवर लिहिलेलं खरं मानलं होतं. तपासलं, तर दोन बाटल्या, एकच लेबल, पण आतल्या मालात टोप्या निघण्याचं प्रमाण वेगवेगळं. एकीत लेबलवरच्यापेक्षा बरंच कमी. साखळीची लांबीही वेगळी. साल कुठल्या कोलंबीचं, कधीचं, किती दिवस पडून होतं, यातलं काहीच बाटलीवर नव्हतं. साल उन्हात चार दिवस सडलं तर जंतू साखळीही कुरतडतात. आईला हे सांगितलं तेव्हा तिला जराही नवल वाटलं नाही. "करंदी नि सोलट एक कशी होईल? नि काल उतरलेली नि आज उतरलेली?" ती म्हणाली. करंदी आणि सोलट हे कोलंबीचेच दोन प्रकार. सतरा वर्षं तिने रोज पहाटे वासावरून आणि बोटांवरून माल ओळखला आहे. मला जे कळायला चार महिने गेले ते तिला विचारलं असतं तर एका वाक्यात मिळालं असतं.

तेव्हापासून कायटोसान मी स्वतःच करते. प्रत्येक खेपेची टोप्यांची टक्केवारी आणि साखळीची लांबी आधी मोजते, मग पुढे जाते. वेळ जातो. आता आकडे जुळतात.

गेल्या महिन्यात मी सहाव्या जागेवर बहुतांश सल्फेट असलेला नमुना प्लाझ्मामध्ये, म्हणजे पेशी काढून टाकल्यावर उरणाऱ्या रक्ताच्या द्रवात, तपासला. गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या या चाचणीला एपीटीटी म्हणतात. सायट्रेट घालून गोठण्यापासून रोखलेला प्लाझ्मा घ्यायचा, सदतीस अंशांवर ठेवायचा, त्यात चेतवणारं द्रव्य घालायचं, शेवटी कॅल्शियम घालायचं आणि घड्याळ सुरू करायचं. साध्या प्लाझ्माला तीस सेकंदांच्या आसपास लागतात. नळी तिरकी केली की आधी पाण्यासारखं वाहणारं एकदम अडखळतं, एक पांढुरका धागा दिसतो आणि सगळं जेलीसारखं थिजतं. मग माझा नमुना घातलेली नळी. तीस सेकंद, साठ, नव्वद. मी नळी तिरकी करत होते आणि ते वाहत होतं. दोन मिनिटं. तीन. प्लाझ्मा वाहतच होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीला वाटलं काहीतरी बिघडलं.

त्याच दिवशी मी आणखी एक गोष्ट केली, जी वहीत लिहायची गरज नव्हती. त्याच खेपेतलं, सल्फेट न बसवलेलं कायटोसान चिमूटभर घेतलं आणि हेपारिन घातलेल्या रक्ताच्या थेंबावर टाकलं. काचपट्टी हलवली. थेंब जागच्या जागी बसला, गडद तांबड्या गोळ्यासारखा. एकाच दिवशी, एकाच टोपलीतल्या सालापासून निघालेले दोन नमुने माझ्या टेबलावर शेजारी शेजारी होते. एकाने धरून ठेवलं होतं, एक सोडत होता. मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर पाठवला. बाबांनी अंगठा पाठवला. आईने थोड्या वेळाने आवाजात विचारलं, "ह्यातला बाबांच्या हातावरचा कुठला?"

बाबांना आता रक्त पातळ राहायच्या गोळ्या आहेत. जाळं शिवताना सुतळीने बोट कापलं तर रक्त बराच वेळ थांबत नाही, म्हणून आईने ती पट्टी दवाखान्याशेजारच्या दुकानातून दोन आणून देवाच्या फळीवर, कुंकवाच्या डबीशेजारी ठेवली आहे. एकदा वापरली. म्हणाली, "लगेच बसलं गो रगात."

यंदा हंगाम सुरू झाल्यावर तिने पहिली पिशवी पाठवली. आमच्याकडून रात्रीच्या गाडीने, ओळखीच्या कंडक्टरच्या हाती. प्लास्टिकच्या डब्यात बर्फ, बर्फात तीन वेगळ्या पिशव्या, तोंडं रबराने बांधलेली. प्रत्येकीत एक चिठ्ठी, ओली होऊ नये म्हणून दुसऱ्या लहान पिशवीत घातलेली. आईचं अक्षर मोठं आणि सुटं आहे, चौथीपर्यंतचं. पहिल्या चिठ्ठीवर: सोलट, आज पहाटेची, सोलून लगेच बर्फात. दुसरीवर: करंदी, आजचीच. तिसरीवर: सोलट, कालची, सावलीत होती, ऊन नाही.

तिसरी मी मागितली नव्हती. तिनेच विचार करून घातली होती, फरक बघायला.